फोटोतला स्टेथोस्कोप

आमच्या लग्नात माझ्या काकांनी जेवता जेवता एवढंच म्हटलं होतं, "नाकापेक्षा मोती जड." बायको डॉक्टर आणि मी पुण्याच्या एका कारखान्यात फिटर. काकांना पुढेही बोलायचं होतं, पण तेवढ्यात जिलबी आली. पुढे ऐंशीच्या दशकात तिला इंग्लंडमधल्या इस्पितळात नोकरी मिळाली आणि मोत्याच्या मागोमाग नाकही लंडनच्या हाउन्सलोला आलं.

येताना तिच्या बॅगेत पुस्तकं आणि स्टेथोस्कोप होता. माझ्या बॅगेत चादरीत गुंडाळलेली माझी हत्यारं होती : पाने, सॉकेट, दोन पकडी, तीन कानशी आणि वडिलांची हातोडी. विमानतळावरच्या कस्टमच्या माणसाने चादर उलगडली, हातोडी हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत ठेवली. माझ्या शिक्षणाची या देशात झालेली तेवढीच तपासणी.

विमानतळाजवळच्या एका गॅरेजमध्ये मला मेकॅनिकचं काम मिळालं. विमानांना जेवण पोचवणाऱ्या गाड्या तिथे दुरुस्तीला येत. मोठी यंत्रं मालकाची आणि हातातली हत्यारं ज्याची त्याची, ही आमच्या धंद्यातली रीत तिथेही होती. दर गुरुवारी हत्यारं विकणारी एक व्हॅन दाराशी उभी राहायची. आम्ही चहाचे मग घेऊन तिच्यात शिरायचो आणि नको असलेलं काहीतरी हप्त्याने घेऊन बाहेर पडायचो. दोन वर्षांत माझी पेटी एकट्याला उचलेना.

त्या काळी इथे लग्न झालेल्या बाईचा पगार टॅक्ससाठी नवऱ्याच्या पगारात धरत. त्यामुळे टॅक्सचा फॉर्म माझ्या नावाने यायचा आणि माझ्या तिप्पट मिळवणारी बाई त्यातल्या एका कोपऱ्यात बसायची. हे मला न्याय्य वाटायचं असं नाही, पण वर्षातून एक दिवस बरं वाटायचं. फॉर्म भरायची मात्र तीच. डॉक्टर असूनही तिचं अक्षर वाचता येतं. सगळा फॉर्म भरून ती तो माझ्यापुढे सरकवायची, आणि त्यात 'नवऱ्याचा व्यवसाय' एवढाच रकाना कोरा असायचा.

"तो तू भर," ती म्हणायची.

मी माझ्या कोंबडीच्या पायांनी 'मोटर मेकॅनिक' लिहायचो. दरवर्षी एका फॉर्मवर दोन अक्षरं. सरकारने कधी हरकत घेतली नाही.

लंडनमध्येच पिनरला तिच्या ओळखीचं एक डॉक्टर जोडपं राहायचं. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असायचा आणि तिथे निम्म्याहून अधिक माणसं डॉक्टर असायची. घरी मला 'तू' म्हणणारी माझी बायको तिथे मला 'हे' म्हणायची. पहिल्याच वर्षी कोणीतरी माझी चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "हे एव्हिएशनमध्ये आहेत." पुण्याहून मुलाकडे आलेल्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन कोणती विमानं सांभाळता असं विचारलं. मी म्हणालो, सगळीच, पण जेवणाच्या बाजूने. आजोबांनी मान हलवली आणि मला आणखी एक मोदक वाढायला लावला.

मला राग यायचा. परतताना मी गाडीचे गिअर जरा जोरातच टाकायचो. ती म्हणायची, लोकांना समजावत कोण बसणार. लोकांचं मला काही नव्हतं. मला एवढंच कळायला हवं होतं, की हिला माझ्या कामाची लाज वाटते का. ते विचारण्यापेक्षा गिअरबॉक्स उतरवणं सोपं होतं, म्हणून मी गिअरबॉक्स उतरवत राहिलो.

गॅरेजमध्ये माझ्या शेजारी एक आयरिश म्हातारा काम करायचा. एका उन्हाळ्यात त्याने विचारलं, हत्यारांवर टॅक्समध्ये सूट मागतोस की नाही. मी असं काही ऐकलंही नव्हतं. त्याने समजावून सांगितलं, की सगळ्यांना एक ठरावीक छोटी सूट मिळते. पण ज्याने स्वतःच्या पैशांनी जास्त हत्यारं घेतली असतील, मालक ती देत नसेल आणि ती कामालाच लागत असतील, त्याने यादी आणि पुरावा पाठवायचा. माझी पेटी पाहून तो म्हणाला, की तू न मागणं हा राणीला दिलेला आहेर आहे.

मी यादी केली. फोरमनने चिठ्ठी दिली. पुराव्याचं मात्र अवघड होतं. व्हॅनवाल्याच्या पावत्या खिशात राहून ग्रीस पिऊन बसल्या होत्या. पुण्याच्या हत्यारांना पावत्या नव्हत्याच. म्हातारा म्हणाला, नसेल पावती तर फोटो पाठव. सगळी हत्यारं एकत्र असलेला फोटो माझ्याकडे एकच होता, दसऱ्याचा.

वर्षातून एकदा मी ती पेटी दोन खेपांत घरी आणायचो. खंडेनवमीच्या संध्याकाळी प्रत्येक पाना रॉकेलने पुसायचा, गॅस फायरसमोर पाट मांडायचा, त्यावर लाल कापड. झेंडू मिळायचा नाही, म्हणून पेट्रोलपंपावर विकत मिळणारी पिवळी शेवंती. हत्यारांना हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा, आणि दसऱ्याच्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. त्यासाठी मी हक्काची एक रजा राखून ठेवायचो. पाटावर मधोमध तिचा स्टेथोस्कोप असायचा. त्याची पूजा झाली की ती इस्पितळाचा दुसरा स्टेथोस्कोप वापरायला निघून जायची. तिचं काम भूल द्यायचं, आणि भूल द्यायला दसरा पाहून चालत नाही.

तर तो फोटो मी यादीबरोबर पाठवला. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. टॅक्स ऑफिसातला साहेब अतिशय सभ्य होता. फोटोबद्दल त्याने आभार मानले होते. यादीतली हत्यारं त्याने फोटोत एकेक करून मोजली होती आणि ती जुळत होती. फक्त तीन खुलासे हवे होते. हत्यारांवरच्या लाल-पिवळ्या डागांमुळे ती निकामी झाली आहेत काय? मध्यभागी दिसणारं वैद्यकीय उपकरण गाडी दुरुस्तीला अत्यावश्यक आहे काय, आणि असल्यास ते यादीत का नाही? आणि नारळ कोणत्या कामासाठी वापरतात?

मी पत्र म्हाताऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, देवच पावला की तुला. मेकॅनिक लोक इंजिनाचा आवाज ऐकायला असली नळी लावतात हे त्या साहेबालाही माहीत असेल. सरळ हो म्हण आणि यादीत घाल. नारळाचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. बायकोने ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. मी म्हाताऱ्याचा सल्ला सांगितला. मला वाटलं, हिला तो आवडेल. कोणाला काही सांगावं लागणार नाही.

"तो स्टेथोस्कोप माझा आहे," ती म्हणाली. "मी असला बोगस क्लेम जाऊ देणार नाही."

"मग तो कोणाचा, ते लिहावं लागेल. आणि तू माझी कोण, तेही."

"दे कागद. मी लिहिते."

तिने इंग्रजीत एक पान लिहिलं आणि खाली सगळ्या पदव्यांसकट सही केली. मी ते घडी घालण्याआधी वाचलं. त्यात होतं : 'फोटोतला स्टेथोस्कोप माझा आहे. माझे पती मोटर मेकॅनिक आहेत आणि मी डॉक्टर आहे. वर्षातून एक दिवस आमच्याकडे ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची हत्यारं एका पाटावर मांडतात आणि त्या दिवशी ती वापरत नाहीत. पाटावर लहानमोठं कोणी नसतं, मधली जागा मी फक्त सवयीने घेतली. डाग धुतले की जातात. नारळ आम्ही खाल्ला.'

'मोटर मेकॅनिक' या दोन शब्दांवर मी जरा थांबलो. तिच्या अक्षरात ते मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि पाकीट चिकटवलं. मला रडू येत होतं, पण पाकिटाचा डिंक कडू असतो म्हणून निभावलं.

सूट मंजूर झाली. वडिलांची हातोडी तेवढी साहेबाने वगळली, कारण ती मी विकत घेतलेली नव्हती. हे मला पटलं. बाकीची रक्कम सांगण्यासारखी नव्हती. पुढच्याच गुरुवारी ती व्हॅनमध्ये गेली.

सप्टेंबरात पिनरला गणपती होता. एका नव्या सर्जनबाईंनी मी काय करतो असं विचारलं, तेव्हा मी सवयीने प्रसादाच्या ताटाकडे पाहू लागलो. माझी बायको म्हणाली, "हे गाड्या दुरुस्त करतात. मेकॅनिक आहेत." मग त्या बाईंनी विचारलं, क्लच दाबला की करकर येते ते काय असतं. आरती होईपर्यंत माझ्याभोवती सहा डॉक्टर लक्षणं सांगत उभे होते. त्यानंतर दर गणपतीला मी पिनरला झब्बा घालून जातो आणि कोणाच्या ना कोणाच्या गाडीखाली जातो. ती हत्यारं केवळ नोकरीसाठी वापरतो असं मी सरकारला लिहून दिलं होतं. याबद्दल साहेबाला मी काही कळवलेलं नाही.

एप्रिलात टॅक्सचा फॉर्म आला. तिने नेहमीसारखा रविवारी दुपारी भरला आणि माझ्यापुढे सरकवला. मी पेन उघडून तो रकाना शोधला. तो भरलेला होता, तिच्या अक्षरात.

मला फक्त सही करायची होती. तरी ती म्हणाली, की तू फार वेळ लावलास.