झोळीखालचा निखारा

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्से मी वाचते ते चिडायला. कोणाला पैंजण ऐकू येतात, कोणाला पांढरी साडी दिसते… पुरावा विचारला की सगळे गप्प. मी तळेगावजवळ औषधांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर अंगात जाड जॅकेट, आणि काम काय, तर थंडी मोजणं. त्यामुळे थंडीबद्दल मला कोणी अक्कल शिकवू नये, असं माझं मत होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला, नितीनला, हॅमॉकचं वेड लागलं. दोन झाडांमध्ये बांधायची नायलॉनची झोळी… तंबू नको, चटई नको. मी म्हटलं, "त्यात थंडी वरून नाही, खालून लागते. स्लीपिंग बॅग पाठीखाली दबली की तिच्यातली हवा जाते. मग ती असून नसून सारखीच." त्याने मुकाट्याने झोळीला बाहेरून, खालच्या अंगाला बांधायच्या दोन खास रजया मागवल्या. मी ऑफिसातले दोन जुने टेम्परेचर लॉगर घेतले. पेन ड्राइव्हएवढं यंत्र, दर मिनिटाला तापमान नोंदवतं. एक त्याच्या झोळीखाली, एक माझ्या. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

जागा कुसगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. एका मावशींचं भाताचं खाचर, कापणी होऊन मोकळं पडलेलं. एक्सप्रेसवेची घरघर ऐकू येते, म्हणजे अगदी जंगल वगैरे नाही. नितीनने बांधावरची दोन जांभळाची झाडं धरली, मी वीस पावलांवरची दुसरी दोन.

दिवस मावळताना मावशी घमेल्यात निखारे घेऊन आल्या आणि ते त्यांनी सरळ नितीनच्या झोळीखाली ठेवलं. तो आत पडलेला होता.

"मावशी, हे काय करताय?"

"वरच्या वाडीला रस्ता न्हवता तवा आजारी मानूस झोळीतनं खाली आनायचे. खांदेकरी दमले की झोळीची दांडी ह्याच दोन झाडांच्या बेचक्यात अडकवायचे. खाली निखारं ठेवायचे, पाठ गारठू नये म्हनून. हितं झोळी बांधली तर खाली इस्तव लागतोच, बाई."

माझं टाळकंच सरकलं. नायलॉनखाली निखारे! आमच्याकडे असं करणाऱ्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढतील. मी बाटली उघडली आणि सगळं पाणी घमेल्यात ओतलं. चर्रर्र आवाज झाला, राख उडाली.

"अगं, जरा थांबली असतीस," नितीन आतून पुटपुटला.

मावशींनी घमेल्यात वाकून पाहिलं. "इझिवला व्हय?" एवढंच म्हणाल्या, घमेलं उचललं आणि गेल्या. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मग मी माझ्या झाडांपाशी गॅसच्या छोट्या शेगडीवर खिचडी टाकली. सात वाजले असतील. मध्येच नितीनचा आवाज आला, "मी." नुसतं एवढंच. फोनवर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

खिचडी झाल्यावर हाक मारली. उत्तर नाही. टॉर्च घेऊन गेले तर त्याची झोळी पार खाली आली होती… जमिनीपासून जेमतेम वीतभर. मघाशी माझ्या कमरेएवढी होती. दोऱ्या कचकच वाजत होत्या, आत दोन माणसं असल्यासारख्या. आत एकटा नितीन. ओठ निळे, दातखीळ बसलेली, डोळे उघडे. त्याच्या पाठीखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. आमच्या फ्रीझर रूमच्या दाराला उघडा हात लावला की असंच होतं.

त्याला ओढून बाहेर काढायला गेले. हलेना. साठ किलोचा माणूस आहे हो माझा! मी ओरडले, शिव्या दिल्या, कोणाला ते मलाही माहीत नव्हतं. खालून रजई ताणली गेली होती, कोणीतरी दोन्ही मुठींनी धरून ठेवल्यासारखी. मग मी पळत सुटले. एक चप्पल कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही.

मावशी चुलीपुढे बसल्या होत्या.

"मावशी, विस्तव द्या! पाया पडते!"

"मगाशी दिल्याला कुटं गेला?"

रडायलाच लागले. त्या उठल्या, चुलीतले निखारे घमेल्यात ओढले.

"माझी जाऊ गेली तितं. बाळंतपनाला खाली नेत व्हते. इस्तव आनाया मला धाडलं, आन् मला उशीर झाला. त्ये तिनं अजून इसारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पळा आता."

तेच घमेलं मी त्याच नायलॉनच्या झोळीखाली कसंबसं सरकवलं. जळाली तर जळाली म्हटलं. दोऱ्यांचा कचकचाट थांबला आणि झोळी सावकाश वर आली… ओझं उतरावं तशी. नितीनने मोठा श्वास घेतला आणि कण्हायला लागला. त्याला बाहेर काढलं, गाडीत घातलं आणि थेट लोणावळा गाठलं. डॉक्टर म्हणाले, अंग फार गारठलंय, बर्फात वगैरे होते का? जानेवारीतला मावळ आहे हो, बर्फ कुठला.

दुसऱ्या दिवशी सामान आणायला गेले. रजईला साधा चटकासुद्धा बसला नव्हता. लॉगर लॅपटॉपला लावले. माझ्या झोळीखाली संध्याकाळभर पंधराच्या आसपास. त्याच्या झोळीखाली मी पाणी ओतलं तेव्हापासून एकसारखी घसरण… थेट उणे चारपर्यंत. मधलं अंतर वीस पावलं. दोन्ही यंत्रं मी कंपनीत ठरावीक तापमानाच्या पाण्यात बुडवून दोनदा तपासली, दोन्ही अचूक. मी रोज असे आलेख वाचते. हा मला वाचता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

परवा जेवताना मी नितीनला विचारलं, त्या संध्याकाळी मी खिचडी करत होते तेव्हा फोनवर कोणाशी बोलत होतास?

"फोन गाडीत होता," तो म्हणाला. "पाठीखालून एका बाईने विचारलं, कुणी इझिवला?"

म्हणजे तो 'मी' तिच्यासाठी होता. "मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

त्याने माझ्या ताटात भात वाढला.

"तू दिवसभर थंडीतच तर असतेस."