रविवारच्या दोन फेऱ्या

गाडी मोडली ती रविवारी सकाळी, आमच्याच बिल्डिंगच्या मागच्या वळणावर. आधी स्टिअरिंग हातात जड झालं, मग खालून कुणी हातोडा घालावा तसा आवाज आला आणि पुढची चाकं जागच्या जागी कुरकुरत थांबली. शेजारच्या सीटवर बाबा बसले होते. त्यांचा उजवा हात छोट्या दांड्यावर होता, तो त्यांनी काढला नाही.

"काय झाला गो?" त्यांनी विचारलं. काय झालं ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

गाडी जुनी, फोर व्हील. गिअरच्या दांड्याशेजारी हा दुसरा छोटा दांडा. तो ओढला की इंजिनाची ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही मिळते. बोरीवलीत त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग होता गावाला, मालवणच्या अलीकडे, आमच्या घराच्या चढाला. डांबरी रस्ता खाली संपतो आणि वर घरापर्यंत नुसती लाल सुटी माती आणि खडी. साधी गाडी अर्ध्यावर जाऊन मागे घसरते. तीन वर्षांपूर्वी बाबांची डावी बाजू गेली, तेव्हापासून तो चढ ते पायी चढू शकत नव्हते. खुर्चीत बसवून चौघांनी वर न्यावं असं मी एकदा सुचवलं होतं. बाबा म्हणाले, "उचलून नेतत ता मड्याक. माका नको." त्यानंतर तो विषय मी काढला नाही. यंदा पाऊस संपला की गाडीनं जायचं, घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून चार दिवस बसायचं, एवढंच त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पुढच्या वर्षाचं ते काही बोलत नसत.

बाबा गिरणीत फिटर होते. त्यांच्या खात्यात एक पद्धत होती: सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणीतरी जाऊन बंद मशीनचा शाफ्ट हातानं एकदा फिरवायचा. तेल खाली बसू द्यायचं नाही. संपात गिरणीचं फाटक बंद झालं आणि बंदच राहिलं. बऱ्याच महिन्यांनी एकदा त्यांना आत जाता आलं, तेव्हा त्यांनी आपल्या मशीनला हात लावला, तर शाफ्ट हलेना. हे त्यांनी मला आयुष्यात दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा पुढचं काही न सांगता उठून गेले. पुढे ते एका ठेकेदाराकडे गाड्या सांभाळायला लागले आणि त्याचीच ही टाकाऊ झालेली गाडी घरी घेऊन आले. आई म्हणाली होती की सवत आणली. आई गेली, गाडी राहिली.

आणि राहिली ती रविवारची पद्धत. "उभी रवलली मशीन धरता," म्हणजे उभी राहिलेली मशीन जाम होते, असं म्हणून बाबा दर रविवारी सकाळी आठ वाजता खाली उतरायचे, छोटा दांडा ओढायचे आणि बिल्डिंगभोवती दोन फेऱ्या मारायचे. मागची चाकं रोज फिरतात, पुढच्यांना ताकद कधी मिळणार, म्हणून ही फेरी. वीस वर्षं तरी चाललं असेल हे. आजारपणानंतर मी चालवायला लागले. बाबांना आधार देऊन सीटवर बसवायचं, आणि दांडा मात्र त्यांनी ओढायचा. चांगला राहिलेला उजवा हात बरोबर त्याच बाजूला यायचा. अख्ख्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं तेवढं एकच काम असायचं, म्हणून मी एकही रविवार चुकवला नाही.

वळणावर गाडी टक टक वाजायची. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "आयक. चलता हा." मलाही तो आवाज आवडायला लागला होता. सोसायटीत मात्र कुरबुर सुरू झाली. एका मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे काका मला म्हणाले, "अगं, कोपऱ्यावर ती गाडी रडते. तुला ऐकू येत नाही का?" माझा स्वभाव तापट. शाळेत नुसत्या माझ्या आवाजानं वर्ग गप्प होतो. मी उभी राहून सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं, "काका, तुम्हाला घरात बसून गंज चढलाय, म्हणून फिरणाऱ्याचा त्रास होतो." घरी येऊन हे मी बाबांना अगदी नक्कल करून सांगितलं. रडते म्हणे! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक मेकॅनिक अशा जुन्या गाड्या उघडतो. टो करून गाडी तिथे नेली. चार दिवसांनी त्यानं फोन करून बोलावलं. पुढच्या एक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, ज्यातून दोन्ही चाकांना ताकद वाटली जाते, तो डिफरन्शियल त्यानं खोलून ठेवला होता. खाली ट्रेमध्ये काळं तेल आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा. गिअरचे तीन दात तुटलेले, बाकीच्यांच्या कडा खाल्लेल्या.

"ताई, एक विचारू? कोरड्या रस्त्यावर हिला फोर व्हीलमध्ये कोण चालवत होतं?"

"रस्त्यावर कुणीच नाही. रविवारी कंपाउंडमध्ये दोन फेऱ्या फक्त. चालू राहावी म्हणून."

"कंपाउंडात खाली काय आहे, माती?"

"सिमेंट."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मग वाट लागणारच ना. वळताना पुढची चाकं मोठा गोल घेतात, मागची लहान, आणि दांडा ओढला की दोन्ही एकाच वेगाला बांधलेली. मातीत चाक जरा घसरतं, पीळ सुटून जातो. सिमेंटवर टायर सोडतच नाही. सगळा पीळ आत, ह्या दातांवर. टक टक वाजत असेल ना वळणावर?"

मी हो म्हणाले.

"तोच आवाज. गाडी उभी ठेवली असती तरी एवढं काही झालं नसतं हिला."

मी नववीला वर्तुळ शिकवते. त्रिज्या बदलली की परीघ बदलतो, हे फळ्यावर लिहून लिहून माझी बोटं झिजली आहेत. दर रविवारी मी तीच दोन वर्तुळं स्वतः काढत होते आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी एक तुटलेला दात रुमालात बांधून घेतला. रिक्षात बसल्यावर मला राग यायला लागला. मेकॅनिकचा, तळमजल्यावरच्या काकांचा, माझा स्वतःचा. घरी पोचेपर्यंत तो सगळा एकाच माणसावर गोळा झाला होता.

बाबा खिडकीशी बसून होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणता तो? जुनी झाली म्हणता?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? जुनी झाली, दात झिजले, एवढं बोलले असते तर काम भागलं असतं. तसं न करता मी चपला काढता काढता म्हणाले, "जुनी नाही झाली. तुमच्या रविवारांनी खाल्ली तिला. उभी ठेवली असती तर धड राहिली असती." आणि वर्गात समजावते तसं, मोठी त्रिज्या, लहान त्रिज्या, सिमेंट, माती, सगळं त्यांना समजावलं. मध्ये कुठे थांबलेसुद्धा नाही.

बाबांनी हात पुढे केला. मी दात त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलट दिशेनं. फिटरचा अंगठा तो. वयानं झिजलेलं लोखंड आणि पिळून तुटलेलं लोखंड ह्यातला फरक त्याला कुणी सांगायला नको होता.

"बरोबर हा," ते म्हणाले. "पिळान तुटललो हा." मग दात मुठीत धरून, "म्हंजे मियाच मोडलंय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते. खोटं बोलायची एवढी साधी संधी मला मिळाली होती, आणि मी बरोबर असण्याच्या हौसेपायी ती घालवली.

मेकॅनिकला दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीतून अख्खा डिफरन्शियल मिळाला. महिन्याभरानं गाडी परत आली. पहिल्या रविवारी आठ वाजता मी बाबांना विचारलं, "खाली जाऊया का? साध्या गिअरवर एक चक्कर मारू." ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "रवांदे. उभी रवांदे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरच्या रविवारीही तेच. तो दात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. धुवायला टाकताना मी तो काढून उशाशी ठेवायचे आणि सकाळी तो पुन्हा खिशात गेलेला असायचा. गावाला जायचं नाव ते काढेनात. मी काढलं, तर म्हणाले, "बघूया."

शेवटी मीच शाळेत रजा टाकली, बॅगा भरल्या आणि त्यांना गाडीत बसवलं. वाटेत एक मुक्काम केला. दोन दिवसांत बाबा मोजकंच बोलले. हात मांडीवर. छोट्या दांड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही चढाच्या पायथ्याशी पोचलो. डांबर संपलं, मी गाडी थांबवली. समोर लाल माती आणि वर काजूच्या झाडांमागे आमच्या घराची कौलं. इथे थांबलं की बाबांचा हात आपसूक दांड्यावर जायचा. मी वाट बघत राहिले. हात मांडीवरच होता.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हय चलात मां गो?"

ज्यांनी मला गाडी शिकवली, सायकलची चेन चढवायला शिकवली, मिक्सरसुद्धा मेकॅनिककडे जाऊ दिला नाही, ते मला विचारत होते. मी म्हणाले, "हो बाबा. इथे माती आहे. हिच्यासाठीच तर आहे तो. घाला तुम्ही."

त्यांनी दोन बोटांनी दांडा धरला, दुसऱ्याच्या मशीनला हात लावावा तसा, आणि हळूच मागे ओढला. मी क्लच सोडला. पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी चढायला लागली. मधलं वळण आलं तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि मान जरा पुढे केली. ते ऐकत होते. मीही ऐकत होते. चाकाखाली खडी सरकली, तेवढीच. वळण संपलं, दुसरं आलं, तेही संपलं, आणि आम्ही थेट खळ्यात येऊन थांबलो.

"आवाज नाय येवक," बाबा म्हणाले.

"नाही आला."

त्यांनी खिशावर हात ठेवला. "म्हंजे तेवा रडताच होती ती."

मी इंजिन बंद केलं. मग उतरून आधी खळ्यात त्यांची खुर्ची टाकली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.