अव्वाच्या हाडांची गोळी आणि माझा जबडा

आमच्या घरात औषध घ्यायचं की नाही हे आजारी माणूस ठरवत नाही. ते मी ठरवतो.

(तसा मी डॉक्टर नाही. मुरुमच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. पण माझ्याकडं मोबाइल आहे, त्यात नेट आहे आणि दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसतं. एवढ्या शिक्षणावर आजकाल माणूस कशावरही मत देऊ शकतो!)

तर झालं असं. माझी आई, म्हणजे आमची अव्वा (घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं, त्यामुळं आई ती अव्वाच), शेजारी हळदीकुंकवाला गेली. सतरंजीवरनं उठताना तिनं हात टेकला. नुसता टेकला! ना घसरली, ना पडली. तरी मनगटातून 'कट्' असा आवाज आला आणि हातातलं वाण सतरंजीभर उधळलं.

उमरग्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि मान हलवली. "एवढ्याशा कारणानं हाड मोडत नसतं. हाडंच ठिसूळ झालीत का, ते बघावं लागेल."

मग सोलापूरला नेऊन हाडांची तपासणी केली, पाठीचा फोटो काढला. त्यात कण्यातला एक मणका चक्क चेपलेला निघाला! कधी चेपला, अव्वाला पत्ताच नाही.

"तरीच!" अव्वा डॉक्टरांपुढं म्हणाली. "मी म्हणायले, हल्ली लुगडी लांब का निघायलीत!"

"आजी, लुगडं तेवढंच आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बुटक्या झालात."

त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं, व्हिटॅमिन दिलं आणि उतारवयातल्या बायकांना बहुधा देतात ती, आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली. गोळी साधी होती, पण तिचा थाट एखाद्या जावयासारखा! सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची. पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा प्यायचा नाही.

"च्या पन न्हाय?" अव्वानं विचारलं. चेपलेल्या मणक्याच्या बातमीनं उतरला नव्हता एवढा तिचा चेहरा आता उतरला.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. गोळ्यांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. उलगडत गेलो तर तो पाटाएवढा झाला! अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. ती मी भिंग लावून वाचली. अन्ननलिकेची जळजळ होऊ शकते. क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. क्वचित मांडीचं हाड मोडू शकतं.

"काय?" मी ओरडलोच. "हाड मोडू नये म्हणून गोळी, आणि गोळीनं हाड मोडतं? ह्याला काय अर्थ हाय!"

(प्रत्येक ओळीत 'क्वचित' हा शब्द होता. पण भिणारा माणूस नेमका तेवढाच शब्द वाचत नाही.)

त्यानंतर मी मोबाइलवर शोध घेतला. एकदा एक व्हिडिओ बघितला की मोबाइल आपणहून तसलेच आणखी आणून देतो. दोन-तीन दुपारी गेल्या आणि मला झोपेत जबडे दिसायला लागले.

"अवो, डॉक्टरनं दिलंय ना? मग घेऊ द्या की," माझी बायको सुरेखा म्हणाली.

"आणि जबडा गेला मग?"

"आणि खुबा गेला मग?"

मी आवाज चढवला, "तुला त्यातलं काय कळतंय!"

माझ्या दुकानाला लागून रशीदभाईंचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्यापुढं मी हा विषय काढला. ते एरवी चेष्टेखेरीज बोलत नाहीत, पण त्या दिवशी हातातला बांगड्यांचा डबा त्यांनी खाली ठेवला.

"मल्लूशेठ, आमची अम्मी न्हाणीत पडली. खुबा मोडला. पुना उठलीच न्हाय ती. पलंगावरच गेली. गोळी खिलाओ अव्वाको."

"पण भाई, जबड्याला धोका हाय म्हणतात."

"अरे, पलंगावर पडलेल्या माणसाला जबडा घेऊन करायचं काय? घास भरवायला बी दुसरा माणूस लागतो!"

मला पटलं. पण पटलेलं लगेच कबूल करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. "बघू, अजून थोडी माहिती काढतो," असं म्हणत मी गोळी लांबवत राहिलो. अव्वा माझ्या बाजूनं होती. मला वाटायचं, आईचा मुलाच्या ज्ञानावर केवढा हा विश्वास! तसं काही नव्हतं. तिला सकाळचा चहा लांबवायचा नव्हता, एवढंच.

प्लास्टर निघालं आणि काही दिवसांतच अव्वा उंबऱ्याला अडखळली. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचली. पण त्या एका क्षणात सुरेखाच्या हातातली परात खाली पडली.

"बास झालं!" सुरेखा कडाडली. "येत्या आयतवारी गोळी चालू. ह्या घरात आता कुनाचं म्हाईती काढनं म्या ऐकनार न्हाय!"

रविवार उजाडला. सुरेखानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका स्टीलच्या वाटीत अव्वाची गोळी काढून ठेवली, शेजारी पाण्यानं भरलेला पेला. बाजूलाच माझी रोजची अॅसिडिटीची गोळी, तीही वाटीत. (भांडेवाल्याच्या घरात सगळ्या वाट्या एकाच छापाच्या असतात. न खपलेला माल कुठं जाणार?)

मी डोळे चोळत आलो. हातात मोबाइल होताच. त्यावर एक गृहस्थ तावातावानं बोलत होता, "हाडांची ही गोळी घेण्याआधी हा व्हिडिओ जरूर बघा!" मी जरूर बघत होतो. बघता बघता वाटी उचलली, गोळी तोंडात टाकली, वर चहाचा घोट घेतला. घशात जरा अडल्यासारखं झालं म्हणून आणखी दोन घोट घेतले. रविवार होता, दुकान उशिरा उघडायचं होतं, म्हणून परत जाऊन पलंगावर आडवा झालो आणि मोबाइल छातीवर ठेवला.

"लक्षात ठेवा!" गृहस्थ सांगत होता. "ही गोळी चहाबरोबर अजिबात घेऊ नका! घेतल्यावर आडवं होऊ नका!"

"सुरेखा!" मी पडल्या पडल्या हाक मारली. "ऐक, ऐक काय सांगायलाय ह्यो माणूस! कसल्या डेंजर गोळ्या देतेत लोकांला!"

सुरेखा दारात आली. तिच्या हातात वाटी होती.

"अवो, ह्या वाटीत तुमची अॅसिडिटीची गोळी हाय. मग अव्वाची कुठं गेली?"

छातीवरचा गृहस्थ बोलतच होता, "...आणि जबड्याचं हाड..."

मी पलंगावरनं असा उडालो की मोबाइल कपाटाखाली गेला!

"उभं ऱ्हावा!" सुरेखा किंचाळली. "खाली बसू नका! आडवं व्हऊ नका!"

मी विजेच्या खांबासारखा ताठ उभा राहिलो. आवाज ऐकून अव्वा आली.

"काय झालं?"

"ह्येनी तुमची गोळी गिळली, अव्वा!"

"माझी?" अव्वानं मला आपादमस्तक बघितलं. "अय्यो शिवा! ल्हानपनी बी असाच माझा प्रसाद खायचा."

माझं अंग आतून बोलायला लागलं. छातीत जळजळ सुरू झाली. जबडा जड वाटायला लागला. डावी मांडी ठणकतेय असं वाटलं, नीट लक्ष दिलं तर उजवीही ठणकत होती! सुरेखा डॉक्टरांना फोन लावत होती, लागत नव्हता. अव्वानं खिडकीतनं, समोरच राहणाऱ्या रशीदभाईंना हाक मारली. ते लुंगीवरच धावत आले.

"क्या खाया?"

"हाडाची गोळी," मी दोन्ही हातांनी जबडा धरून म्हणालो.

"घबराओ मत! मिठाचं पाणी प्या, उलटी करा. सगळं भाईर!"

त्यांनी तांब्यात मूठभर मीठ ढवळलं. मी डोळे मिटून निम्मा तांब्या संपवला, मोरीवर वाकलो, बोट घशाशी नेलं, आणि तेवढ्यात फोन लागला. सुरेखानं तो स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"उलटी करायची नाही!" डॉक्टर ओरडले. "अजिबात नाही! गोळी वर येताना अन्ननलिका जाळेल. मिठाचं पाणी आधी बंद करा!"

घशाशी नेलेलं बोट मी तसंच बाहेर काढलं. रशीदभाईंनी तांब्या पाठीमागं लपवला. (फोनवरनं दिसणार असल्यासारखा!)

"आता काय करू, साहेब?"

"ताठ बसा. पेलाभर दूध प्या. दुपारपर्यंत आडवं होऊ नका. एका गोळीनं काही होत नाही. गिळताना दुखायला लागलं किंवा छातीत फारच दुखलं, तर सरळ इकडं या."

"पण साहेब, जबडा?"

"कुणाचा?"

"माझा. जड वाटायलाय."

अव्वा पुढं सरसावली आणि फोनवर वाकली. "डाक्टरसाहेब, त्येच्या जबड्याला काय धाड भरत न्हाय! जलमल्यापासनं कवा बंद ठिवलाय त्यानं?"

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. डॉक्टर हसत होते.

"आणि मांडी?" मी विचारलंच.

"मल्लिनाथराव, ते दुखणं वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांपैकी एखाद्याला होतं. म्हणून तर काही वर्षांनी आपण गोळी थांबवायची का ते बघतो. तुम्ही कधी घेतली?"

"आत्ताच. चहाबरोबर."

"मग मांडी शाबूत असणार." डॉक्टरांचा आवाज जरा गंभीर झाला. "हे बघा, धोका नाहीच असं मी म्हणत नाही. आजींचा दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या. रक्ताची तपासणी आपण केलेलीच आहे. गिळायला त्रास झाला तर गोळी बदलू. पण गोळी न घेण्यातही धोका आहे, मल्लिनाथराव. तो खोक्यातल्या कागदावर छापलेला नसतो. तो माझ्याकडं स्ट्रेचरवरनं येतो."

रशीदभाई खाली बघत राहिले. मी नुसतं 'बरं, साहेब' म्हणालो. (सुरेखा म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच.)

मग दूध पिऊन मी दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलो. आडवं व्हायचं नव्हतं, आणि आत बसलो तर पाठ टेकायचा मोह झाला असता. पण दारात बसलेला माणूस म्हणजे रस्त्याची मालमत्ता! येणारा जाणारा विचारू लागला, "शेठ, आज असं फोटू काढायला बसल्यासारखं?" मी काही बोलायच्या आत रशीदभाई प्रामाणिकपणे सांगायचे, "बायकांची गोळी खाल्ली त्यांनी."

बास! पेठेच्या त्या टोकाला पोचेपर्यंत त्या गोळीचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. दूधवाला आला तो हळूच सुरेखाला विचारून गेला, "वैनी, पाळणा लांबवायची गोळी शेठ का खायलेत?"

अव्वा मात्र कुठंही गेली नाही. माझ्यासमोर पाट मांडून बसली आणि मला निरखत राहिली. मधूनच विचारायची, "जळजळायलंय का?" "न्हाय." "मांडी?" "न्हाय." मग तिनं तो मोडून सांधलेला, जरासा वाकडा राहिलेला हात पुढं केला आणि माझा जबडा चाचपला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तो हात कागदासारखा हलका लागला. इतके दिवस मी तिच्या जबड्याची काळजी करत होतो, आणि हा हात मी एकदाही नीट बघितला नव्हता. मी तो दोन्ही हातांत धरला.

"अव्वा," मी म्हणालो, "चुकलंच माझं. तू घे गोळी."

"घेनारच हाय!" अव्वा म्हणाली. "तू एवढा भित्रा. च्यासंगं गिळलीस, वर लोळलास, मिठाचं पानी पिलास, तरी जित्ता हाईस. मी तर साध्या पान्यासंगं घेनार. सुरेखा, काढ ग दुसरी!"

"आत्ता न्हाय, अव्वा," सुरेखा म्हणाली. "तुमचा च्या झालाय न्हवं? उद्या सकाळी, उपाशीपोटी."

दुसऱ्या दिवशी अव्वानं गोळी घेतली. अर्धा तास ती दारात खुर्चीवर ताठ बसली, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला आदल्या दिवशीची माझी गोष्ट हातवारे करून सांगितली. अर्धा तास कसा गेला ते तिला कळलंच नाही. त्यानंतर दर सोमवारी तो तिचा कार्यक्रमच झाला. आजवर तिचं दुसरं हाड मोडलेलं नाही. मध्यंतरी पुन्हा तपासणी केली, तर डॉक्टर म्हणाले, हाडं बरीच सावरलीत. अव्वा आता काठी घेऊन एकटी बाजारात जाते आणि माझ्याच दुकानात येऊन घासाघीस करते.

माझं म्हणाल तर माझी ख्याती फार वाढली. मुरुमात कुणा बाईला ती गोळी लिहून दिली की ती आधी माझ्या दुकानात येते. बरोबर एखादी शेजारीण असतेच. दोघी मला लांबून न्याहाळतात, मग पुढं होऊन विचारतात, "दादा, त्या गोळीनं तुमाला काय झालं का वो?"

"काय न्हाय झालं," मी सांगतो.

मग ती बाई शेजारणीकडं वळते आणि अगदी निर्धास्त होऊन म्हणते, "चल ग, घेऊया! ह्यांच्यासारख्याला पचली, आपन तर बायका हाव!"