दगडाबाईच्या रानातला सरवा

चारठाण्याच्या दगडाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. रझाकारांच्या भीतीने अर्धं गाव गाड्या जुंपून वऱ्हाडात पळालं, तेव्हा मात्र तीही नवरा लिंबाजीच्या मागे मुकाट चालत गेली. तिथल्या छावणीत रांगेत उभं राहून मिळालेली भाकर तिच्या घशाखाली उतरेना. मग ती लोकांच्या रानात सरवा वेचू लागली. कापणी झाल्यावर भुईवर पडलेली कणसं गोळा करायची, आणि मालक ‘पुरे’ म्हणाला की निघायचं. एवढी जीभ तिने जन्मात आवरली नव्हती.

तिकडूनही माणसं जीव मुठीत धरून इकडे येत होतीच. वऱ्हाडातली मुसलमान कुटुंबं निजामाच्या राज्यात आली, तशी अंमलदारांनी त्यांना ओस घरं आणि मोकळी रानं दाखवली. लिंबाजीच्या रानात अशाच आलेल्या जैतूनबीने आणि तिच्या नवऱ्याने ज्वारी पेरली, खुरपली, राखली. भाद्रपदात हिंदी फौज आली, निजामाचा अंमल संपला. त्यानंतर जो सूड उगवला गेला, त्यात जैतूनबीचा नवरा मारला गेला. ज्वारी कुणी पेरली हे गावाला ठाऊक होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही.

दगडाबाई परतली तेव्हा पीक निसवलं होतं, कणसं बाहेर पडली होती. ते कुणी पेरलं, हे तिच्याही कानावर आलं. “रान आपलं, पीक बी आपलंच,” लिंबाजी म्हणाला. तिला ते पटलं. खरं सांगायचं तर गोडच लागलं.

कापणी उरकली त्या दिवशी जैतूनबी लेकराला कडेवर घेऊन बांधावर आली. रानात पाऊल न टाकता तिने विचारलं, “बाई, सरवा वेचू का?”

दगडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे समदं तुझंच हाय, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर कणसांचा ढीग होता, घरात दाणा नव्हता आणि लिंबाजी बघत होता.

“वेच की,” ती म्हणाली. “न्हाई कोण म्हनतंय?”

जैतूनबीने ओटीभर कणसं वेचली आणि जाताना तिला दुवा दिली.

“लय मोठं मन हाय बाई तुझं,” शेजारच्या नर्मदाबाई दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर म्हणाल्या. दगडाबाई घागर अर्धीच भरून घरी आली.

जैतूनबी गावाबाहेर दर्ग्याच्या ओवरीत राहत होती, हाकेच्या अंतरावर. सूपभर ज्वारी तिला नेऊन द्यावी असं दगडाबाईला दळायला बसलं की वाटायचं. धान्याची कणगी रिकामी झाली तरी तिने ती ज्वारी नेली नाही. नेली असती, तर ज्वारी कुणाची हे कबूल करावं लागलं असतं.