बॉयलरवर भाऊ नको

माझा भाऊ हुशार नव्हता असं कुणी म्हटलं, तर आजही मी भांडायला उठेन. हुशार होता हो! फक्त पायाला भिंगरी, आणि डोकं सदा पुढच्या गावाला.

माझं माहेर तिसगावकडचं, कोरडं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघायचं. भाऊ म्हणायचा, "आक्का, मी कोयता धरनार न्हाई. मी कारखान्याच्या आत जानार." आमचे हे प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फोरमन. दुष्काळाच्या आदल्या साली त्यांना तिथं एक माणूस भरायचा होता. भाऊ वळकटी घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये हजर. सोबत आई. म्हणाली, "जावई एवढं तर करतीलच की."

ह्यांनी दोघांना आठवडाभर कामावर बसवून पाहिलं, भावाला आणि कोल्हारच्या एका गड्याला. काम काय, तर बॉयलरला एक काच असते, आत पाणी किती ते तिच्यात दिसतं. त्या काचेवरून नजर हलवायची नाही. पाणी खाली गेलं नि कळलं नाही, तर बॉयलर फुटतो, जवळची माणसं जातात. कोल्हारचा तो गडी ठोंब्या, दोन शब्द बोलायचे तर घाम फुटायचा, पण बसला की बसला. आमचे राजे मात्र टर्बाइन बघून ये, इंजिनियरसाहेबांना नमस्कार घाल. घरी जेवतानाही तेच. "दाजी, दोन वर्सांत फायरमन, मग बॉयलरची परीक्षा, मग बघाच!" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं मी चिडवायचे. पण अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आठवडा संपला त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. म्हणाले, "जिद्द लई हाय त्याच्यात, माझ्याहून जास्त. पण दोनदा पाणी खाली गेलं, दोनदा मी पळत गेलो. लहानपणापासून तू बघितलंयस त्याला. तूच सांग, सुधारंल का?"

काय सांगणार? चुलीवरच्या दुधापाशी बसवलं की हा पोरगा अंगणात मोटारी बघायला जायचा. आईच्या हातचा मार खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि त्या बॉयलरपाशी लेकुरवाळी माणसं राबत होती, माझा नवराही त्यांच्यातच. देवा, अशी वेळ वैऱ्यावरही आणू नको. मी म्हटलं, "नका घेऊ."

भाऊ ह्यांना नाही नाही ते बोलला. आईनं कपाळ बडवून घेतलं. हे मान खाली घालून ऐकत राहिले, माझं नाव काही त्यांनी काढलं नाही. मायलेक गावी गेले.

पुढच्या साली पाऊसच नाही. भाऊ रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला. मी भाकरी बांधून भेटायला गेले. त्याचे हात फोडांनी भरलेले, मीच भाकरी मोडून त्याच्या हातात ठेवली. तोच मला समजावत म्हणाला, "दाजी परकेच गं, त्यांचं काय मनावर घ्यायचं? तू भांडली असशील माझ्यासाठी, म्हाईत हाय मला."

नाही सोसलं. म्हटलं, "मीच नको म्हटलं रे."

आधी हसला. नवऱ्याला पाठीशी घालतेय असं वाटलं असणार. मग माझं तोंड बघितलं, आणि हातातली भाकरी परत फडक्यात ठेवली. बराच वेळ माझ्याकडं न बघता हातोडा चालवत राहिला. मी एसटीसाठी उठले तेव्हा म्हणाला, "आईला सांगू नको. दाजींनीच मला घालवलं असं वाटू दी तिला. न्हाईतर तुला म्हायार उरायचं न्हाई."

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी माहेरी गेले की तो शेताकडं निघून जायचा. आई डोळ्याला पदर लावून म्हणायची, "तुझ्या नवऱ्यापायी माझ्या लेकराची माती झाली." मरेपर्यंत म्हणायची. आणि दरवेळी मी म्हणायचे, "व्हय, आई."