व्हेरोनाजवळची माडी

बाटलीचं बूच निघालं की आधी येतो तो वाइनचा नव्हे, सुकत चाललेल्या फळाचा वास: किंचित मधाळ, किंचित धुरकट, आणि तळाशी कारल्याच्या सालीसारखी एक कडवट रेघ. इथे दक्षिण गोलार्धात, गुंगालिनच्या आमच्या घरामागे, एप्रिलचं म्हणजे पानगळीतलं उतरतं ऊन पसरलं होतं, कुंपणापलीकडच्या झाडांची पानं तांबूस होऊन गळत होती, आणि व्हेरोनाजवळच्या ज्या मळ्यातून ही बाटली मी गेल्या ऑक्टोबरात स्वतः आणली, त्याची कथा पाहुण्यांना सांगत होतो.

तिथे द्राक्षं तोडल्यावर लगेच गाळत नाहीत. टेकडीवरच्या दगडी घराच्या माडीवर, बांबूच्या ताट्यांवर एकेक घड अंतर राखून मांडतात, खिडक्या उघड्या ठेवतात, आणि हिवाळाभर वारा त्यांतलं पाणी हळूहळू नेत राहतो. त्या माडीत शिरताना मी जोडे काढले होते. कोणी सांगितलं नव्हतं. मालकीणबाई कौतुकाने हसल्या. माझी बायको रेणू मात्र हसली नाही. तासगावजवळ माझ्या वडिलांची बेदाण्याची शेड आहे, तिथेही जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं अशीच वाऱ्यावर सुकतात, आणि आबा दर हंगामाला बोलावतात तेव्हा मला नेमकी सुट्टी नसते, हे तिला ठाऊक होतं. इटलीसाठी तीन आठवड्यांची मिळाली होती.

"प्रवचन पुरे, ओत आता!" माझा मित्र निखिल ओरडला. "अर्धी बाटली उन्हानेच प्यायली, मेट." हशा पिकला, आणि त्यातच आबांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन टेबलावर सगळ्यांना दिसेल असा उभा केला. मला मिरवायचंच होतं.

"फोटू बघितलं," आबा म्हणाले. "झ्याक हाय माडी. मालकाची पोरं तिथंच असत्यात?"

"हो आबा. चौथी पिढी आहे."

"बरं हाय." त्यांच्यामागे रिकाम्या जाळ्या हलत होत्या. "आपली बाग काढून टाकावी म्हंतोय. गुडघं ऐकंनात. तू म्हणशील तर धरतो आणि दोन वर्सं."

पाहुणे ग्लास हातात धरून थांबले होते.

"काढा आबा. किती राबणार तुम्ही?" सूर काळजीचा होता; पण त्यातली सुटका माझी मलाच ऐकू आली.

"बरं, बरं. जेवा तुमी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पाहुणे गेल्यावर माझी चौदा वर्षांची लेक बशा उचलता उचलता थांबली. ती मराठी बोलत नाही, नुसती ऐकते. "बाबा, ही वॉन्टेड यू टू से नो, राइट?"

"आधी त्या बशा आत ने," मी म्हणालो.

ती गेली. तासगावात आत्ता भर दुपार असेल, आबा शेडमध्येच कुठेतरी टेकले असतील, फोन त्यांच्या खिशात असेल. परत लावायला एक बोट पुरे होतं. मी तसाच बसून राहिलो, अंगणात गारठा उतरेपर्यंत. 'नको' म्हणणं अवघड नव्हतं. ते म्हटल्यावर मात्र मला जावं लागलं असतं.