अठराव्या पानावरची केळ

सरांनी माझ्या बापाच्या तोंडावर लाल पेन्सिलीनं फुली मारली.

बाप अठराव्या पानावर होता. गावच्या जत्रेचं पान. वर देवळात पाटील पूजा करतायत, पायऱ्यांवर गाव उभं, आणि पायऱ्यांच्या खाली, भर उन्हात, गळ्यात हलगी अडकवलेला माझा बाप. त्यानं धोतराचा सोगा पसरलाय. वरून कुणीतरी त्यात खोबऱ्याचा तुकडा टाकतोय. हात लागू नये एवढ्या उंचीवरून.

"हे काय काढलंस?"

"आमच्या गावची जत्रा, सर."

"प्रदर्शनाला मोठे लोक येणार. हा माणूस इथं नको. इथं केळीचं झाड काढ. शोभेल."

वर्ग हसला. बाप भाकरी घेऊन मला भेटायला यायचा; तो माणूस कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सांगलीत चित्रकला शिक्षकाच्या परीक्षेचं शेवटचं वर्ष करत होतो. बारा दिवसांत 'आपलं गाव' या विषयावर चोवीस पानांची चित्रकथा करायची, दोघा-दोघांनी मिळून. सरांनी माझी जोडी विलासशी लावली. विलास आमच्याच गावच्या पाटलांचा मुलगा. कडेगावच्या अलीकडं आमचं गाव, वर त्यांचा ऊस आणि ओढ्याखाली आमचा मांगवाडा. त्यानं मजकूर लिहायचा, मी चित्रं काढायची. मजकूर त्यानं एका दुपारी लिहून टाकला आणि सिनेमाला गेला. चित्रं मी काढत बसलो. टाक धरून धरून बोटं सुजली. वही सोमवारी दहा वाजता द्यायची होती आणि शुक्रवारी ही फुली पडली.

नापास झालो तर शिष्यवृत्ती बंद. मास्तरची नोकरी गेली. मग गावाकडं जायचं आणि बापाची हलगी आपल्या गळ्यात घालायची. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"आरं, कशाला वाद घालतूस?" विलास म्हणाला. "झाड तर झाड. आमचं आण्णा येणार हायती बघायला."

मी घातला नाही वाद. पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. काळी शाई रंगाच्या एका हातात झाकली जात नाही, दोन हात द्यावे लागले. बाप गेला. त्यावर केळ काढली. झाड फार सुरेख आलं, आणि त्याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

रविवारी दुपारी बाप एसटीनं आला. फडक्यात भाकरी आणि झुणका. पानं खोलीभर वाळत घातली होती. त्याला अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळायचं. उकिडवा बसून एकेक पान बघत पुढं सरकला. बोट दाखवायचा, कागदाला लावायचा नाही. कशालाच हात लावायची सवय नव्हती त्याला.

"ह्यो कळस. ह्ये पाटील आण्णा. लय बेस काढल्यात."

मग अठराव्या पानावर थांबला. बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"हितं मी आसतो न्हवं?"

मी टाक पुसायला लागलो.

"केळ कवा लावली रं हितं?"

"सरांनी सांगितलं, बा."

तो चिडला नाही.

"बरं झालं," म्हणाला. "उनात उभं ऱ्हायचं तरी वाचलं."

भाकरी ठेवली आणि तीनच्या गाडीला निघून गेला.

मुस्काटात मारली असती तर सोसलं असतं. जन्मभर तो त्या उन्हात उभा राहिला. गावानं त्याला पायरीखाली ठेवलं होतं. मी, त्यानं शिकवलेल्या पोरानं, त्याला तिथूनही हाकललं. मी मोठ्यानं रडलो. शेजारच्या खोलीतली पोरं बघून गेली.

मग ब्लेड घेतलं आणि केळ खरवडायला लागलो. पांढऱ्याबरोबर काळंही निघालं, कागद दोन ठिकाणी फाटला. त्याच जागी बाप पुन्हा काढला; खरवडलेल्या कागदावर शाई फुटून पसरते, तशी ती पसरली. बापाचं तोंड अर्धं डाग झालं. पण तो होता.

सोमवारी सरांनी ते पान धरून माझ्याकडं बघितलं.

"हे पान काढून टाकू दे. पास करतो."

त्यांच्यामागं विलास हात जोडत होता.

"पान राहील, सर."

त्यांनीच कात्रीनं शिवण उसवली, पान माझ्या अंगावर टाकलं आणि वहीवरचं माझं नाव खोडलं. तेवीस पानं प्रदर्शनात लागली. पहिलं बक्षीस विलासला. मी नापास.

गावाकडं आलो. पंधरा दिवसांवर जत्रा होती. कातडं ताणून बघावं म्हणून बाप जाळावर हलगी तापवायला बसला. मी ती त्याच्या हातातून घेतली.

"बा, औंदा न्हाई वाजवायची. तू न्हाई आन मी बी न्हाई."

"आन गाव काय म्हणंल?"

"म्हणू दे."

बापानं जाळातली लाकडं मागं ओढली.

पाटलांचा निरोप आला. मग माणूस आला. मग मारायची धमकी आली. हलगी आमच्या खुंटीवरून हलली नाही. जत्रेच्या दिवशी पायरीखालची जागा दिवसभर रिकामी राहिली. आमच्यातलं कुणी पुन्हा तिथं उभं राहणार नाही. पाटलांना वाटलं तर त्यांनी तिथं केळ लावावी.